दोघांचं भांडं

"उठा की आता," आत्या पदराआडून म्हणाल्या. "लोक बघायला लागलेत."

मामा उठले नाहीत. दुकानाबाहेर फुटपाथवर मांडलेल्या पांढऱ्याशुभ्र कमोडवर ते बसले होते. धोतर नीट सावरलेलं, डावा पाय समोर लांब केलेला, दोन्ही हात काठीवर. एखाद्या लग्नात मानाच्या खुर्चीवर बसावं तसे.

"बघू देत," मामा म्हणाले. "ह्यात काय चोरी हाय? लई दिसांनी नीट बसाय मिळालंय."

हेच वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर दोघा-चौघांनी ऐकलं असतं. मामा बोलले म्हणून समोरच्या एसटी स्टँडावरच्या बायकांनीसुद्धा माना वळवल्या. सगळा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. घरात ते "मीठ दे" म्हणाले की शेजारीण मिठाची वाटी घेऊन यायची, असं आम्ही गमतीनं म्हणायचो.

मामा म्हणजे माझे सासरे आणि आत्या म्हणजे सासू. आमच्या विट्याकडे सुनेनं असंच म्हणायची पद्धत. सासऱ्यांसाठी संडासाचं भांडं निवडायला सुनेनं दुकानात जावं, ही मात्र आमच्याकडे काय, कुठेच पद्धत नसावी. पण माझे मालक प्रल्हाद ट्रकवर. महिन्यातले बरेच दिवस ते कुठल्या तरी घाटात असायचे, आणि मामांच्या पोटाला काही घाट संपेपर्यंत थांबता येत नव्हतं.

झालं होतं असं, की मामांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आयुष्यभर मागापुढं उभं राहून गुडघा पार झिजला होता. सांगलीच्या डॉक्टरांनी नवा बसवला आणि बजावलं, आता मांडी घालायची नाही, उकिडवं तर अजिबात बसायचं नाही. आमच्या घरात एकुलता एक संडास, तो बसका, जुना. मग भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची आणली. ती संडासातल्या भांड्यावर ठेवून पाहिली, तर भांडं खोलीच्या मधोमध; खुर्ची आत गेली की मामांचा लांब केलेला पाय बाहेर राहायचा, आणि पाय बाहेर म्हणजे दार उघडं. शेवटी खुर्ची न्हाणीघरात ठेवली आणि खाली बादली.

ती बादली रोज सकाळी आत्या उचलायच्या. आत्यांचं वय मामांच्या मागोमागच. एका हातात बादली, दुसरा हात भिंतीला, तोंडावर पदर, असं त्या न्हाणीपासून संडासापर्यंत जायच्या. तेवढ्या वेळात मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मी एकदा बादली धरायला गेले तर दोघंही एकदम ओरडले. मामांनी तर त्या दिवशी भाकरीच नको म्हटलं.

म्हणून आम्ही तिघं दुकानात आलो होतो, आणि मामांना कमोड पसंत पडला होता.

"हाच घ्या," ते म्हणाले.

आत्यांनी कमोडकडे पाठच फिरवली. त्यांना तो का नको होता ते मला माहीत होतं. आत्यांना कमोडवर होत नसे. ह्यावर आमच्याकडे पूर्वीच भरपूर हसून झालं होतं. लेकीकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, पुण्याला त्या मोठ्या हौसेनं राहायला गेल्या होत्या. तिच्या फ्लॅटमध्ये दोन बाथरूम, दोन्हीकडे कमोड. आत्यांचं पोट दगडासारखं झालं, तोंडाची चव गेली, आणि महिनाभर राहायला गेलेली बाई आठवडाही न काढता परत आली. एसटीतून उतरल्या त्या माझ्याशी एक शब्द न बोलता तडक मागे गेल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आपलं घर ते आपलं घर."

"दुसरा एक बसका ठेवता येणार नाही का?" दुकानदार जवाहरशेठनी विचारलं.

"जागा कुठली?" मी म्हटलं.

खरंच नव्हती. वाटणीत मागचं अंगण धाकट्या दिरांकडे गेलं होतं. आमच्या वाट्याला पुढचा यंत्रमागांचा सोपा, दोन खोल्या, न्हाणी आणि संडासाची ती कपाटाएवढी खोली. गल्लीच्या टोकाला नगरपालिकेचा सार्वजनिक संडास होता, तो पाडून तिथे वाचनालय झालं होतं. पेपर वाचायची सोय झाली, बाकीची गेली.

जवाहरशेठ आत्यांकडे बघून म्हणाले, "मग आजी, तुमच्यासाठी एक वस्तू दाखवतो."

आत कोपऱ्यातून त्यांनी ते भांडं ओढून आणलं. उंची कमोडचीच, पण वरची कड दोन्ही बाजूंना रुंद, आणि त्यावर पाय ठेवायला खाचा पाडलेल्या. वरची सीट खाली घेतली की खुर्चीसारखं बसायचं. सीट वर केली की कडेवर पाय ठेवून चढायचं आणि उकिडवं बसायचं.

"अँग्लो-इंडियन म्हणतात ह्याला," जवाहरशेठ म्हणाले. "नवरा-बायको दोघांचं भागतं. भांडणच नाही."

आत्या पुढं आल्या. त्यांनी कडेच्या खाचांवरून हात फिरवला. चेहरा असा उजळला, की जणू पैठणी दाखवलीय.

"शालन, हेच घे," त्या म्हणाल्या. "ह्यांचंबी हुतंय, माजंबी हुतंय."

"आत्या, चढायला जमेल का एवढ्या उंच?"

"न जमाय काय झालं? माळ्यावर चढून लोणच्याची बरणी कोण काढतं? तू?"

ते खरं होतं. बरणी त्याच काढायच्या. मामा कमोडवरूनच ओरडले, "हिला हरभऱ्याच्या झाडावर चढायची सवय हाय, ह्ये तर कायच न्हाय!" स्टँडावरच्या बायकासुद्धा हसल्या. आम्ही सगळेच हसलो. मला तर वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

दस्तगीर मिस्त्री काम सुरू करायला आला तेव्हा म्हणाला, "नारळ आणा, वहिनी."

"अरे, संडासाला नारळ?"

"काम कुटलंबी असू दे, नारळाबिगर हात लावत न्हाय मी."

आत्यांनी नारळ दिला, हळदकुंकूही लावायला निघाल्या, तेवढं मी अडवलं. खोबरं दस्तगीरनं खाल्लं. आमच्यापैकी कुणी हात लावला नाही. भांडं त्यानं मागच्या भिंतीला टेकवून बसवलं, त्यामुळे पुढं मामांच्या पायाला जागा झाली आणि दार नीट लागू लागलं. आत्यांना धरायला भिंतीत एक लोखंडी दांडी ठोकून दिली.

दुसऱ्या दिवशी मामा आतून बाहेर आले ते हसतच. "राजा झालो, राजा!" असं त्यांनी जाहीर केलं आणि गल्लीला कळलं की मामा राजा झाले. आत्यांनी ती बादली घासून उन्हात पालथी घातली. संध्याकाळी बघते तर बाई त्यात कडीपत्ता लावायला निघालेल्या.

"आत्या, कडीपत्ता खायचाय आपल्याला."

"मग सदाफुली लावती," त्या म्हणाल्या आणि किती तरी दिवसांनी मोकळ्या हसल्या.

आत्या नऊवारी नेसायच्या. ओल्या पायांनी, एका हातात काष्टा, दुसऱ्या हातात दांडी, अशा त्या त्या भांड्यावर चढत असणार. मी दाराबाहेर घुटमळायचे. "जमतंय का आत्या?" म्हटलं की आतून यायचं, "जा की गं तिकडं! काय पाळत ठेवलीय!" काही दिवसांत दांडी हलू लागली. भिंत जुनी, मातीत रचलेली. दस्तगीरनं सिमेंट भरून पुन्हा ठोकली, ती पुन्हा हलली. एकदा आत्यांच्या नडगीवर काळंनिळं दिसलं. विचारलं तर म्हणाल्या, चौकटीला लागलं.

मी म्हटलं, "आत्या, बसून बघा ना. पायाखाली पाट ठेवते, म्हणजे गुडघे वर येतील."

त्यांनी माझ्या समाधानासाठी बसून पाहिलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

"झालं?"

"कशाचं हुतंय? देवळाच्या कट्ट्यावर बसल्यागत वाटतंय. आन् जितं ह्यांनी बूड टेकलं तितं मी टेकायचं? कसंतरीच की."

"लग्नाला एवढी वर्षं झाली, आणि आत्ता लाजताय होय?"

"लाज न्हाय गं, सवय न्हाय," त्या म्हणाल्या.

आणि मग ते रोजचं सुरू झालं. आत्या पहाटे मामांच्या आधी उठायच्या, जाऊन यायच्या, कड आणि सीट धुऊन ठेवायच्या. मामा मागून जायचे. त्यांना ओल्या जागी बसवत नसे. नवा गुडघा, मनात घसरायची भीती. चूक काहीच नव्हती त्यांची. पण ते आतून हाक मारायचे.

"हौसा! सीट वली हाय!"

सगळी गल्ली अंगणात. कुणी दात घासतंय, कुणी सडा टाकतंय, कुणी दूध घेतंय. त्यात रोज सकाळी हे, "हौसा! सीट वली हाय!" पोरं तर शाळेत जाताना ते ओरडत जायला लागली. आत्या फडकं घेऊन धावायच्या. मी मामांना दोनदा सांगितलं, "मामा, हळू बोला ना जरा." ते म्हणाले, "हळूच बोललो की!" आणि हेही त्या पोरांना ऐकू गेलं.

आत्यांनी मग पदरानं सीट पुसून कोरडी करायला सुरुवात केली. धुतली की पुसायची, पुसली की हात फिरवून बघायचं. तरी कधी तरी राहायचंच.

ह्याच सुमाराला आत्यांनी गुरुवार धरला.

सोमवार त्यांचा पहिल्यापासून होता. त्यात गुरुवार आला तेव्हा मी म्हटलं, मामांचा गुडघा बरा झाला म्हणून नवस बोलल्या असतील. मग शनिवार आला. मग संकष्टी, आणि दोन्ही पंधरवड्यांच्या एकादश्या. आमच्याकडे बाईनं उपास धरला की तिला कुणी कारण विचारत नाही. पुरुष जेवायचा थांबला तर घर डॉक्टरकडे पळतं. बाई जेवायची थांबली तर शेजारच्या बायका पाया पडायला येतात. आणि आल्याच. श्रावणात आत्यांनी महिनाभर एकभुक्त धरलं, तेव्हा तर हळदीकुंकवाला त्यांना मधे बसवलं. मामा दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या हौसानं सगळं वार धरल्यात. आता मोकळा वार हुडकूनच काढाय लागतोय!"

मी घरातली. मला दिसत होतं की उपासाचंही त्या काही खात नाहीत. साबुदाणा करावा तर "जड हुतोय." वरी करावी तर "नको, च्या घेतलाय." आणि चहासुद्धा अर्धा कप. पाण्याचा तांब्या भरून ठेवावा तर संध्याकाळी तो तसाच.

"आत्या, निर्जळी कुठल्या देवाची असते हो गुरुवारी?"

"तुला काय कळतंय? नवस हाय."

"कसला नवस?"

"सांगितला तर फळत न्हाय."

प्रल्हाद आले तेव्हा मी त्यांच्या कानावर घातलं. ते आईला म्हणाले, "आई, वाळलीस की गं." आत्यांनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. "तू ट्रकवर वाळतुयास म्हणून केलं बाबा सगळं." झालं. आईनं आपल्यासाठी उपास केले म्हटल्यावर मुलगा विरघळला, आणि डबा घेऊन परत गेला.

आत्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. दिवाळीच्या आधी फराळाच्या चकल्या करताना त्या सोऱ्या हातात धरून बसल्या होत्या, तशाच बाजूला कलंडल्या. मी आणि शेजारच्या सुमनवहिनींनी रिक्षात घातलं.

दवाखान्यात पोट तपासलं, फोटो काढला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला खमक्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आतडं अडलंय. पाणी पितच नव्हत्या का ह्या? किडनीवर आलंय. महिनोन्महिने पोट मारलंय ह्या बाईंनी. घरात काही त्रास आहे का?"

सुनेला विचारलेल्या ह्या प्रश्नाचा अर्थ मला कळत होता. मी म्हटलं, "उपास करतात."

"एवढे?"

मी औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेले. दुपारी आत्यांना सलाईन चढत होतं, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मामा घरी. त्यांना जिना चढवत नव्हता. मी स्टूल ओढून जवळ बसले.

"आत्या, इतके उपास कुणी सांगितले होते तुम्हाला?"

"देवानं."

"कुठल्या देवानं?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ सुकलेले, पण डोळ्यांत जुनीच मिश्कील चमक आली.

"संडासातल्या," त्या म्हणाल्या.

मला आधी हसूच आलं. मग त्या बोलायला लागल्या तसं ते गेलं.

नवं भांडं बसवून थोडेच दिवस झाले होते, तेव्हाच त्या पडल्या होत्या. कड ओली, दांडी हललेली. पाय खाचेतून निसटला आणि गुडघ्यापर्यंत भांड्यात गेला. पाय अडकलेला, काष्टा सुटलेला, तशा त्या किती तरी वेळ तिथे होत्या. बाहेर मी होते, मामा होते. हाक मारली नाही.

"का नाही मारली हो?"

"तशी? तशी बगितली असतीस मला?"

पाय ओढून काढला, धुतला, नऊवारी पिळून पुन्हा नेसल्या आणि बाहेर येऊन भाकऱ्या थापल्या. पण तेव्हापासून चढायची भीती बसली. आणि चढून झालं, तरी नंतर ती मामांची हाक. सगळ्या गल्लीत.

"मग मी म्हनलं, जायाचंच कशाला रोज? खाल्लं न्हाय तर जायाचं न्हाय. दोन दिसांनी, तीन दिसांनी. उपास असला की कुनी इचारत न्हाय. सोपं पडतं."

सोपं पडतं, असं त्या म्हणाल्या. मला इतकं रडू आलं की मी पदर तोंडात कोंबला.

"मी आजच दस्तगीरला सांगते," मी म्हटलं. "ते भांडं उपटून टाकू. जुन्यासारखं बसकं बसवू."

"आन् ह्यास्नी?"

"ती खुर्ची आहे की माळ्यावर."

"बादली कोन उचलनार?"

"मी उचलीन."

आत्या सलाईनच्या हातानंच अर्ध्या उठल्या. "खबरदार! सुनंनं सासऱ्याची बादली उचलायची? त्यो मानूस जेवायचा बंद हुईल, शालन. तुला म्हाइत न्हाय, मला म्हाइताय. तू हात लावलास तवा भाकरी टाकली हुती त्यानं."

ते मी पाहिलंच होतं. आत्यांनी जे केलं, अगदी तेच मामांनी केलं असतं.

"मग तुम्ही..."

"माज्यानं आता उचलवत न्हाय गं," आत्या म्हणाल्या. "उचलवत असती तर ह्ये भांडं आनलंच नसतं. बादली घिऊन जाताना दोनदा भिंतीला टेकली हुती मी. कुनाला बोलली न्हाय. दुकानात जवा त्यो शेठ म्हनला ना, दोगांचं भागतंय, तवा माज्या डोळ्याला पानीच आलं."

त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर मी पैठणी बघितली होती. त्यांनी सुटका बघितली होती.

"मामांना सांगायचं नाही का हे?"

"न्हाय. माजी शपथ हाय. त्यास्नी कळलं तर ते त्या भांड्यावर बसायचं न्हाईत परत. मग काय, दोगंबी उपाशी?"

दोघांपैकी एकानं पोट मारायचंच होतं, आणि आत्यांनी ते मामांना न विचारता आपल्याकडे घेतलं होतं. मी कितीही डोकं चालवलं तरी त्याच्यापलीकडं जाता येईना.

तरी मी गप्प बसले नाही. दवाखान्यातून तशीच धाकट्या दिरांच्या दारात गेले. म्हटलं, भावजी, अंगणाच्या कोपऱ्यात एवढीशी जागा द्या, आत्यांपुरता बसका संडास बांधते, वर पत्रा टाकते. दीर भिडस्त माणूस. त्यांनी जाऊबाईंकडे बघितलं.

जाऊबाई म्हणाल्या, "शालनताई, तो कोपरा म्हंजे आमच्या देवघराची भिंत. देवाच्या पाठीला संडास बांधायचा व्हय?"

"मग दुसऱ्या कोपऱ्यात?"

"तितं बोअर हाय. पाणी नासंल की."

त्या खोटं बोलत नव्हत्या. देवघर तिथे होतं आणि बोअरही तिथे होती. "मग आत्यांना तुमच्याकडे येऊ द्या सकाळच्या," मी म्हटलं. "आमच्याकडंबी कमोडच हाय आता," जाऊबाई म्हणाल्या, "जुना काढला आम्ही, पोरांना लाज वाटती." आणि त्यांनी मला चहा घेता का म्हणून विचारलं. मी घेतला. रडायचं नव्हतं म्हणून घेतला.

जागा मिळून काही उपयोगही झाला नसता. आत्या घरी आल्या त्या उठायच्या नव्हत्याच. खाटेवर भांडं द्यायचं, ते मी द्यायचे, मीच उचलायचे. सासूचं सुनेनं उचललेलं चालतं. तरी दर वेळी आत्या भिंतीकडं तोंड करायच्या आणि म्हणायच्या, "माफ कर गं बाई." मी म्हणायचे, "आत्या, असं बोलू नका." पण त्या थांबल्या नाहीत. मऊ भात भरवावा तर तोंड मिटून घ्यायच्या. एकदा मी चिडले. "इथे चढायचं नाही, पुसायचं नाही, आता तर खा!" म्हटलं. आत्या म्हणाल्या, "तुजंबी कंबरडं हाय की." आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

मामा खाटेच्या उशाशी बसून राहायचे, कधी कधी त्यांचा हात हातात घ्यायचे. म्हणायचे, "हौसा, दोन घास खा, तुला उपास सोडाय देव सांगंल, मी बोलतो त्याच्याशी." ते नेहमीसारखं मोठ्यानंच. आत्या डोळे मिटून हसायच्या. किडनी गेली होती. मार्गशीर्षात, गुरुवारीच, सकाळी त्या गेल्या. मामा तेव्हा न्हाणीकडं गेले होते.

गुरुवारी गेल्या म्हणून बायका म्हणाल्या, पुण्यवान.

तेराव्याला सगळे जमले. नणंद पुण्याहून आली होती, प्रल्हाद घरी होते, दीर-जाऊ, गल्लीतल्या बायका. पंगत उठली, सोप्यात मंडळी पान खात बसली. मामा भिंतीला टेकून बसले होते, पाय लांब करून. ह्या तेरा दिवसांत त्यांचा आवाज जन्मात पहिल्यांदाच खाली आला होता. ते बोलले तरी सोप्याच्या बाहेर जात नव्हतं.

"एवढी वर्षं नांदली," ते म्हणाले, "कुनाला एक दिवस दुखवलं न्हाय. शेवटाला तर नुसता देवधर्म. उपासातच गेली. लाखात एक बाई हुती." मग त्यांनी मला हाक मारली. "शालन, हिकडं ये बाळा."

मी जाऊन उभी राहिले.

"सासूचं व्रत सुनंनं चालवायचं असतं. हिचे उपास अर्ध्यात ऱ्हायल्यात. सगळं न्हाय म्हनत मी. सोमवार आन् गुरुवार, एवढे दोन तू धर. तिच्या जिवाला बरं वाटंल."

सुमनवहिनी म्हणाल्या, "खरंय, खरंय." नणंदेनं डोळ्यांना पदर लावला. प्रल्हाद माझ्याकडे कौतुकानं बघत होते, जणू मला सोन्याचा हार घालताहेत. सगळे थांबले होते. उपासांचं खरं कारण सांगायचं तर तिथेच सांगायला हवं होतं. आणि सांगितलं असतं तर हा म्हातारा दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे बसला असता?

"बरं, मामा," मी म्हटलं.

मामा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. खाऊनपिऊन सुखात होते. रोज सकाळी स्वतःच्या पायांनी जायचे आणि स्वतःच्या पायांनी परत यायचे. मला कधी त्यांना हात द्यावा लागला नाही. सीट कोरडी असायची. ते असेपर्यंत मी सोमवार-गुरुवार मोडले नाहीत, आणि ते गेल्यावर मोडायचे तर लोकांना कारण काय सांगायचं, म्हणून अजूनही धरते. दुपारी भूक लागते तेव्हा आत्यांचा मला फार राग येतो. त्या जिवंत होत्या तेव्हा इतका कधी आला नव्हता.